अंधश्रद्धेतून घडणारी हिंसा व ग्रामशिक्षक

गावात एखादे मूल चार दिवसांच्या तापाने दगावले म्हणजे त्या घरात दोन प्रश्न उठतात. मूल कशाने गेले, हा पहिला. आणि आमचेच मूल का गेले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुधा सर्वांना ठाऊक असते. ताप होता, हगवण होती, दवाखाना दूर होता, ओढ्याला पूर आला होता. दुसऱ्या प्रश्नाला मात्र दवाखान्यात उत्तर मिळत नाही. शेजारच्या घरातील मूलही तापाने फणफणले होते, पण ते उठून खेळू लागले; मग आपल्याच घरावर हा घाला का? शोकाकुल मनाला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि तो विचारणे हा काही गुन्हाही नव्हे. अनर्थास आरंभ होतो तो त्यानंतर, 'का' या शब्दाच्या जागी 'कोणी' हा शब्द येऊन बसतो तेव्हा. 'कोणी केले?' असे एकदा विचारले की उत्तरादाखल माणसाचे नाव द्यावे लागते. आणि नाव आले की त्या माणसाचे काय करावयाचे, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

अंधश्रद्धेविषयी शाळांतून जे शिकविले जाते, त्यात बहुधा असे गृहीत धरलेले असते की, लोकांना रोगाची खरी कारणे ठाऊक नाहीत म्हणून ते करणीवर विश्वास ठेवतात. कारणे समजावून दिली म्हणजे तो विश्वास मावळेल. हे अर्धेच खरे आहे. इव्हान्स-प्रिचर्ड या इंग्रज मानवशास्त्रज्ञाने आफ्रिकेतील अझांदे लोकांमध्ये राहून त्यांच्या चेटूकविषयक समजुतींचा अभ्यास केला आणि त्यावरील ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध केला. त्यातील धान्याच्या कोठाराचे उदाहरण शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या मुलखात कोठारे लाकडी खांबांवर उभारलेली असत, आणि उन्हाच्या वेळी माणसे त्यांच्या सावलीला बसत. कधी वाळवी खांब पोखरी व कोठार कोसळून खालची माणसे जखमी होत. वाळवीने खांब खाल्ले, हे अझांदे माणसाला उत्तम ठाऊक होते. त्याचा प्रश्न निराळा होता. वाळवी कित्येक दिवस खांब खात होती. मग नेमकी हीच माणसे खाली बसलेली असताना, नेमक्या त्याच घटकेला कोठार का कोसळावे? सुशिक्षित माणूस येथे 'योगायोग' असे म्हणून गप्प बसतो. अझांदे माणूस तेथे चेटूक आणीत असे.

सबब वाळवीविषयी कितीही उत्तम धडे दिले तरी हा दुसरा प्रश्न शिल्लक राहतोच. डासांमुळे हिवताप होतो, हे परीक्षेत बिनचूक लिहिणारा विद्यार्थी पुढे मोठा झाल्यावर 'पण तो डास आमच्याच पोराला कोणी चाववला?' असे विचारू शकतो. त्याने विज्ञान नाकारलेले नसते. विज्ञानाच्या पाठीवर त्याने चेटूक बसविलेले असते, एवढेच.

'कोणी' या प्रश्नामागे लागून एक साक्षर, धर्मशील व कायद्याने चालणारा समाज कोठवर गेला, याची अत्यंत तपशीलवार नोंद अमेरिकेतील सालेम येथील आहे. कोर्टाचे जबाब, वॉरंटे व अर्ज मोठ्या संख्येने टिकून राहिल्यामुळे ती घटना जवळजवळ दिवसवार सांगता येते. उदाहरण दूरचे आहे खरे. पण जवळच्या उदाहरणात भाऊबंदकी व जातपात आड येते आणि ऐकणारा लगेच कोणाची तरी बाजू घेतो. दूरच्या गोष्टीत यंत्र कसे फिरले ते स्वच्छ दिसते.

मॅसॅच्युसेट्स ही तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. तेथील लोक कट्टर धर्मनिष्ठ, बायबल स्वतः वाचणारे. पन्नास कुटुंबे असलेल्या प्रत्येक वस्तीने मुलांना लिहिण्यावाचण्यास शिकविणारा शिक्षक नेमलाच पाहिजे, असा कायदा त्यांनी १६४७ सालीच केला होता. अक्षरओळख झाली की असले प्रकार थांबतात अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हे साल ध्यानात ठेवावे. १६९२ च्या आरंभी तो मुलूख हवालदिल झाला होता. उत्तर सीमेवर युद्ध पेटलेले होते आणि तेथून परागंदा झालेली माणसे आश्रयास येत होती. सालेम व्हिलेज या वस्तीत दोन तट पडले होते. धर्मगुरूचा पगार व त्याला पुरवावयाचे सरपण यांवरूनही कटुता होती.

त्या हिवाळ्यात धर्मगुरू पॅरिस याची नऊ वर्षांची मुलगी व अकरा वर्षांची भाची यांना झटके येऊ लागले. त्या किंचाळत, अंग वेडेवाकडे करीत, कोणीतरी चिमटे घेत आहे असे म्हणत. औषधपाणी झाले, प्रार्थना झाल्या. अखेर डॉक्टरने सांगितले की, हा शरीराचा रोग नव्हे, यामागे दुष्ट हात आहे. 'कशाने' हा प्रश्न येथे संपला. शेजारच्या एका बाईने उपाय म्हणून मुलींचे मूत्र कालवून राईच्या पिठाची भाकर करविली आणि ती कुत्र्यास घातली. आपल्याकडील उताऱ्याशी या प्रकाराचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलींनी तीन नावे घेतली.

ती तीन नावे कोणाची होती, हे पाहण्यासारखे आहे. एक टिटुबा, धर्मगुरूच्याच घरातील गुलाम स्त्री. दुसरी सारा गुड, दारोदार मागून खाणारी, कोणी काही दिले नाही की पुटपुटत निघून जाणारी. तिसरी सारा ऑस्बर्न, आजारी, बरेच दिवस प्रार्थनामंदिरात न आलेली, आणि मालमत्तेच्या वादात सापडलेली. गावात ज्यांच्यासाठी कोणी उठून उभे राहणार नाही, अशा या तिघी. १ मार्च रोजी त्यांची जबानी सुरू झाली. टिटुबाने कबुली दिली. मालकाने मारहाण करून ती वदवून घेतली, असे तिने पुढे सांगितले. परंतु त्या दिवशी तिने सैतानाच्या वहीत नऊ खुणा पाहिल्याचे म्हटले. तीन सापडल्या होत्या. उरलेल्या सहा कोण, हे शोधणे आता सर्व गावाचे कर्तव्य होऊन बसले.

पुढे नावे वाढत गेली, कारण ती वाढविणारी व्यवस्थाच कोर्टाने उभी केली होती. अमक्या बाईचे 'रूप' रात्री येऊन मला छळते, असे पीडिताने सांगितले की तो पुरावा धरला जाई. ती बाई त्या वेळी आपल्या घरी झोपलेली असली तरी हरकत नव्हती, कारण छळणारे ते तिचे रूप होते, देह नव्हे! असा आरोप खोटा ठरविण्याचा कोणताच मार्ग आरोपीपाशी उरत नाही. शिवाय जो गुन्हा कबूल करी तो फाशीतून वाचे, आणि जो निर्दोष असल्याचे सांगे तो लटकावला जाई. तेव्हा सुमारे ५० जणांनी कबुली दिली यात नवल नाही. कबुली देणाऱ्याला साथीदारांची नावे विचारली जात. दीडशेहून अधिक माणसांवर आरोप आले. सारा गुड हिची चार-पाच वर्षांची मुलगीदेखील चेटकीण ठरून कित्येक महिने तुरुंगात साखळदंडांत होती; ती पुढे कधीच शहाणी झाली नाही, असे तिच्या बापाने सरकारला लिहिलेल्या अर्जात नमूद आहे.

रिबेका नर्स हिचे उदाहरण तर वाचवत नाही. सत्तरी ओलांडलेली ही आजी गावात आदरणीय होती. तिच्या चांगुलपणाची ग्वाही देणाऱ्या अर्जावर सुमारे ४० शेजाऱ्यांनी सह्या केल्या होत्या, आणि ते दिवस पाहता त्या सह्यांना मोठे धैर्य लागले असले पाहिजे. पंचांनी तिला प्रथम निर्दोष ठरविलेही. तो निकाल ऐकून पीडित मुलींनी आकांत मांडला. न्यायाधीशाने पंचांना पुन्हा विचार करावयास सांगितले. एका कैदी बाईस साक्षीला आणले असता रिबेका 'ही आमच्यातलीच' असे बोलून गेली होती. त्याचा अर्थ काय, असे पंचांनी तिला विचारले. तिला ऐकू कमी येत असे. प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचला नाही आणि ती गप्प राहिली. 'आमच्यातली' म्हणजे आमच्याबरोबर कैदेत असलेली, एवढाच अर्थ होता, हे तिने मागाहून लिहून दिले. परंतु त्या मौनावरून निकाल फिरला होता. १९ जुलै १६९२ रोजी तिला फाशी झाली.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत १४ स्त्रिया व ५ पुरुष फासावर गेले. ऐंशीच्या घरातील जाइल्स कोरी याने आरोपाला उत्तर देण्याचे नाकारले, म्हणून त्याच्या छातीवर दगड रचून त्याला मारण्यात आले. निदान पाच माणसे तुरुंगातच मेली. आरोपांचा रोख प्रतिष्ठितांच्या घरांकडे वळू लागला, काही धर्मगुरूंनी 'रूपा'च्या पुराव्याविरुद्ध लिहिले, आणि ऑक्टोबरात गव्हर्नरने ते कोर्ट बरखास्त केले. १६९७ साली न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सूअल हा बॉस्टनच्या प्रार्थनामंदिरात सर्वांसमक्ष उभा राहिला व त्याचा कबुलीजबाब धर्मगुरूने वाचून दाखविला. आरोप करणाऱ्या मुलींपैकी ॲन पटनम हिने १७०६ साली जाहीर क्षमा मागितली. १७११ साली अनेकांची नावे निर्दोष म्हणून जाहीर झाली व नुकसानभरपाई देण्यात आली. काही नावे मात्र राहून गेली. त्यांपैकी एकाविषयी पुढे येईल.

त्या मुलींना नेमके काय झाले होते, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. राईच्या धान्यावरील विषारी बुरशीमुळे त्यांना भास झाले, असाही तर्क १९७६ साली मांडला गेला; बहुतेक इतिहासकारांनी तो मानला नाही. तो खरा असता तरी त्याने फार काही उलगडले नसते. मुलींना झटके का आले हे त्यावरून कळले असते. रिबेका नर्स फासावर का गेली, हे त्यावरून कळत नाही.

महाराष्ट्रात कोर्टाची ही झूल नसते, परंतु क्रम तोच असतो. सातपुड्यात 'डाकीण' म्हणतात, ठाणे-पालघरच्या बाजूस 'भुताळी' म्हणतात, इतरत्र 'चेटकीण' किंवा 'करणी करणारी'. आजारपण येते, गुरे मरतात, लागोपाठ दोन मृत्यू घडतात. घरचे लोक भगताकडे किंवा देवऋषीकडे जातात. तो बहुधा थेट नाव घेत नाही. दिशा सांगतो, वय सांगतो, 'घरच्याच रक्तातली आहे' असे सांगतो. नाव घेणारे, वाक्य पुरे करणारे घरातीलच कोणी असते, आणि ते नाव आधीच मनात तयार असते. विधवेच्या नावे दोन एकर जमीन असते, बांधावरून भांडण झालेले असते, किंवा एखादी वृद्धा एकटी राहते, मोठ्याने बोलते, कोणाची भीड बाळगीत नाही. सालेमच्या तिघींशी ही ओळख जुळवून पाहावी. मे २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला व एका पुरुषाला गावकऱ्यांनी जाळून मारल्याची घटना घडली. असे काही वाचले म्हणजे शहरातील माणूस 'रानटीपणा' असे म्हणून वर्तमानपत्राचे पान उलटतो. त्या शब्दाने काहीच कळत नाही. मारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याआधी कोणावर हात टाकलेला नसतो. आपण खून करीत आहोत, असे त्यांना त्या क्षणी वाटत नाही; आपल्या लेकरांचे रक्षण करीत आहोत असे वाटते. पन्नास जणांच्या हातून एक कृत्य घडते आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा पन्नासावा भागही येत नाही.

मराठवाडा व विदर्भातील 'भानामती'चा प्रकार शिक्षकांच्या अधिक परिचयाचा असेल. घरावर दगड पडतात, कपडे पेटतात, अंगावर फुल्या उठतात. किंवा वर्गातील एक मुलगी घुमू लागते आणि तिच्यामागून आणखी चौघी-पाचजणी. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी जी प्रकरणे तपासली, त्यांत बहुतेक वेळा घरातीलच एखादी कोंडमारा झालेली, जिचे कोणी ऐकत नाही अशी व्यक्ती त्यामागे आढळली. शाळेत असे घडल्यास मुलींना वेगवेगळे करून शांत जागी बसवावे, भोवतालची गर्दी हटवावी, पालकांना व आरोग्य केंद्राला कळवावे. त्या मुलींवर खोटेपणाचा आळ घेऊ नये. त्यांचा त्रास सोंग असतोच असे नाही. आणि 'तुला कोण दिसते?' हा प्रश्न कोणालाही विचारू देऊ नये. सालेमच्या मुलींना तो वडीलधाऱ्यांनीच पुनःपुन्हा विचारला होता.

येथे हिंसेचा दुसरा प्रकार नोंदविला पाहिजे, जो भीतीतून नव्हे तर लोभातून येतो. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात लहान मुली व स्त्रिया यांचे खून झाले. पिंपळावरील मुंजाला बळी देऊन गुप्तधन मिळवावयाचे व अपत्यप्राप्ती साधावयाची, असा हेतू सरकार पक्षाने कोर्टात मांडला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व १९७७ साली निकाल लागला. काहींना फाशीची शिक्षा कायम झाली, तर काही जण सुटले. येथे खवळलेला जमाव नव्हता. थंडपणे केलेला हिशेब होता, आणि त्या हिशेबात दुसऱ्याचे मूल ही किंमत म्हणून लिहिलेली होती. दुष्काळाचे ते दिवस होते, हेही विसरता येत नाही.

या दोन्ही प्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात कायदा व्हावा, म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे झटून प्रयत्न केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढला व डिसेंबरात विधिमंडळाने नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकार नमूद आहेत. अमुक व्यक्ती करणी करते किंवा तिच्यामुळे रोगराई येते, असे पसरविणे हा गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावला असता वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे हाही गुन्हा आहे. किमान सहा महिने व कमाल सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड, अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून त्यासाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन यांना हा कायदा लागू होत नाही, हे त्यातच स्पष्ट लिहिलेले आहे. 'हा देवाधर्माविरुद्धचा कायदा' असे कोणी म्हणाल्यास शिक्षकाने ते कलम शांतपणे वाचून दाखवावे. पुष्कळदा एवढ्यानेच वाद निवतो.

कायदा येतो तो बहुधा घटनेनंतर. घटनेपूर्वी गावात जी माणसे असतात त्यांत शिक्षक असतो, आणि त्याच्या हाती असे एक साधन असते जे पोलीस पाटलापाशीही नसते. ते म्हणजे हजेरीपत्रक. एखाद्या घरावर संशय येऊ लागला की त्याची चाहूल प्रथम शाळेत लागते. त्या घरातील मुलीजवळ पट्टीवर कोणी बसत नाही. तिच्या डब्यातले कोणी खात नाही. खेळताना तिची पाळी येत नाही. मग ती शाळेत येईनाशी होते आणि विचारले तर कोणी नीट सांगत नाही. मुले घरात जे ऐकतात तेच येथे वागून दाखवीत असतात. अशा वेळी गैरहजेरीचे कारण 'घरकाम' असे लिहून पान उलटू नये. त्या घरी जावे. सरपंच, पोलीस पाटील, आशाताई यांच्या कानावर घालावे, आणि आजाराची साथ असेल तर आरोग्य केंद्राचे पथक गावात येईल असे पाहावे. साथीचे कारण डॉक्टरांनी चावडीवर सर्वांसमक्ष सांगितले, म्हणजे निदान काही दिवस 'कोणी' हा प्रश्न मागे पडतो. तेवढ्या दिवसांत एखादा जीव वाचू शकतो. गावाची भाषा धमकीवर आली असेल तर पोलीस ठाण्यास कळविण्यात विलंब करू नये, आणि हे काम एकट्याच्या शिरावर घेऊ नये. एकटा शिक्षक, त्यातून परगावचा, लोकांच्या रोषास सहज पात्र होतो. सर्व सहकाऱ्यांनी मिळून कळविणे बरे.

वर्गातील काम याहून संथ आहे. भुताखेतांची टिंगल करून ते होत नाही. मुलाच्या आजीची श्रद्धा वर्गात हास्यास्पद ठरविली तर मूल शिक्षकाचे ऐकणे सोडते, आजीचे नव्हे. त्यापेक्षा लिहून ठेवण्याची सवय लावावी. आसामच्या गोलपाडा जिल्ह्यातील बिरुबाला राभा या फारसे शालेय शिक्षण न झालेल्या स्त्रीने नेमके हेच केले, फक्त मनातल्या मनात. १९८०च्या दशकात त्यांचा थोरला मुलगा मनोरुग्ण झाला. मांत्रिकाने सांगितले की तो तीन दिवसांत मरेल. त्यांनी तीन दिवस मोजले. मुलगा जिवंत राहिला. मांत्रिकाचे भाकीत खोटे ठरते, तर त्याने चेटकीण म्हणून घेतलेली नावेही खोटीच असतील, हा पुढचा विचार त्यांचा स्वतःचा. तो त्यांनी जाहीर सभेत बोलून दाखविला, बहिष्कार सोसला आणि पुढे कित्येक स्त्रियांना मृत्यूच्या दारातून परत आणले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मे २०२४ मध्ये त्या निवर्तल्या.

भाकिते खरी ठरलेली तेवढी लक्षात राहतात, कारण खोटी ठरलेली कोणी लिहून ठेवीत नाही. चौथीच्या पुढील कोणत्याही वर्गात एक वही या कामासाठी ठेवता येते. मांजर आडवे गेले, टिटवी ओरडली, उजवा डोळा लवला, अमुक दिवशी पाऊस येणार असे कोणी सांगितले, की तारखेसह आधी लिहावे, आणि काय घडले ते आठ दिवसांनी समोर लिहावे. निष्कर्ष शिक्षकाने सांगू नये. तीन महिन्यांनी मुलांनीच वही वाचावी. जेथे भाकीत खरे ठरले असेल तेही प्रामाणिकपणे राहू द्यावे; 'योगायोग' हा शब्द शिकविण्याची तीच उत्तम जागा आहे. त्याचबरोबर वर्गात सहज उच्चारले जाणारे काही शब्द बंद झाले पाहिजेत. 'पांढऱ्या पायाची', 'अपशकुनी', 'अमक्याची नजर वाईट' असे शब्द मुले थट्टेत वापरतात, आणि खेदाची गोष्ट अशी की क्वचित शिक्षकांच्या तोंडूनही ते निघतात. तपासणीच्या दिवशी शाळेच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली आढळते, तेव्हा वहीचा हा प्रयोग त्या शाळेत करून काय उपयोग, असा प्रश्न पडतो.

सालेममध्ये राहून गेलेल्या नावांपैकी एक एलिझाबेथ जॉन्सन हिचे. तिला १६९३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी फाशीची शिक्षा झाली होती. ती अंमलात आली नाही, पण दोषही पुसला गेला नाही. तिला मूलबाळ नव्हते, त्यामुळे पुढच्या पिढ्यांत तिच्यासाठी अर्ज करणारे कोणी उरले नाही. ती ज्या भागात राहत असे, त्या भागातील नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या एका शिक्षिकेने आठवीच्या वर्गापुढे तिची हकिकत ठेवली. मुलांनी जुने कागद वाचले, कायद्यात काय राहून गेले ते शोधले, लोकप्रतिनिधींना पत्रे लिहिली. एका महिला सिनेटरने विधेयक मांडले, आणि जुलै २०२२ मध्ये, शिक्षेनंतर ३२९ वर्षांनी, मॅसॅच्युसेट्स राज्याने एलिझाबेथ जॉन्सन निर्दोष असल्याचे जाहीर केले.